राहीलचा ओरडणारा डबा

गजा, तुला आन् तुझ्या काळ्या केलेल्या केसांना ताईचा आशीर्वाद. रसायनीत समदी बरी ना? भावजयीचे गुडघे कसे हायत? पोशीरात मी ठणठणीत हाय. फोनवर तू "बरं बरं" करून ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला. कागद मधीच कापता येत नाय.

तर सध्या मी इंजिनेरिंगच्या पोरांत असते. (शिकायला नाय रं, शिकवायला. चौथी पास मास्तरीण!) कर्जतकडच्या कॉलेजातल्या सुप्रिया मॅडमनं पोरांना आजारी माणसांच्या कामाची यंत्रं करायला गावात धाडलंय. बाईचा कायदा असा, की पयला आठवडा कॉम्प्युटर उघडायचा नाय, नुसतं घरात बसून माणूस बघायचा. माझ्या वाटणीला राहील आला. पोरगं गुणाचं, पण डॉक्टर एक्सरे बघतो तसं मला बघायचं. मग मी त्याला मोड आलेल्या वालांचं बिरडं सोलायला बसवला. अर्धी पाटी त्यानं सोलली, आन् वहीत लिवलं, "आजी दुपारी बिरडं सोलतात."

मग त्यानं माझ्या साखरेच्या आजारावरच्या गोळ्यांसाठी डबा केला. जेवणाच्या टायमाला डबा ओरडतो, झाकण उघडलं की गप. झाकण उघडलं म्हंजे आजीनं गोळी खाल्ली, असं कॉम्प्युटरात आपोआप चढतं. दीड महिन्यात माझी एक गोळी चुकली नाय म्हणं! परीक्षेला बाहेरून सर आलेले. त्यांच्यासमोर मला बसवून पडद्यावर माझी हुशारी दाखवली. टाळ्या पडल्या. (मी पण वाजवल्या.) पण सर म्हणाले, असेच डबे आता तालुक्यातल्या चाळीस म्हाताऱ्यांना देऊ. तवा मात्र मला राहवेना. बटवा सोडला आन् अकरा गोळ्या टेबलावर मांडल्या. (परीक्षा झाल्यावर पोराची गंमत करायची म्हणून संगती नेलेल्या.) डबा ओरडला की मी झाकण उघडून त्याला गप करायची, पण गोळी जेवल्यावरची, आन् जेवणच नाय तर ती घ्यायची कशी? "उपास असतो बाबा माझा," मी म्हटलं.

राहीलचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, पोराचं वरीस गेलं माझ्यापायी. मॅडम शांतपणानं म्हणाल्या, "राहील, तुला झाकण कळलं, आजी कळायच्या राहिल्यात. महिना घे अजून." दुसऱ्या दिवशी आला तो न सांगता पाटीपाशी बसला. हातानं सोलत होता, पण आता मला इचारत होता, आन् उत्तराची वाट बघत होता.

आता डब्याला उपासाचं हिरवं बटण हाय. सलग तीन दिवस दाबलं की घरच्या माणसाला फोन जातो.

तुझी ताई,
चंद्राबाई

ता. क. घरचा माणूस म्हणून तुझा नंबर दिलाय. मशीनचा फोन म्हणून कापू नको.

आनखी एक. राहीलला सांगितलं नाय, तू पण सांगू नको. उपास मी तुझे दाजी गेले तवाच सोडले. एकटीसाठी चूल पेटवावीशी वाटत नाय, एवढंच. त्याला ते पोरगं बटण कुठून आणणार? रविवारी दोघं जेवायला या. नाय आलात, तर सोमवारपासून तीन दिवस हिरवं बटण दाबीन.