नातवंडांच्या तारणाची मोहीम

२१ फेब्रुवारी २००७, बुधवार
आजपासून उपवासकाळ. ईस्टरपर्यंत नातवंडांना पक्कं ख्रिस्ती करायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

कारण बाबाजी. काशीगावचा. माझ्यासारखाच चर्चच्या मंडळीचा पंच, पण अंगात फार. गेल्या रविवारी त्याच्या नातवाने चर्चमध्ये उभं राहून दहा आज्ञा पाठ म्हटल्या. बाबाजी माझ्या शेजारी. प्रत्येक आज्ञेला मला कोपर मारत होता. दहा आज्ञा, दहा कोपरं. बरगडी अजून दुखतेय.

घरी आल्यावर नातू अनिशला विचारलं, येशू कोण? म्हणाला, सांताक्लॉजचा बॉस.

चूक राजची. माझाच मुलगा, पण म्हणतो, पप्पा, पोरं मोठी झाली की त्यांचं ती ठरवतील. सून आशा रत्नागिरीकडची, हिंदू. रजिस्टर लग्नाला मी मोठ्या मनाने परवानगी दिली. (लग्न झाल्यावर कळलं, पण परवानगी दिली.) ती संध्याकाळी दिवा लावते. मी काही बोलत नाही. माझा स्वभावच उदार.

पण मी गेल्यावर या घरात प्रार्थना कोण करणार? माझी बायको शांता करेल म्हणा. पण ती धरायची नाही, ती रोजच करते.

२२ फेब्रुवारी
त्याग म्हणून ईस्टरपर्यंत टीव्ही बंद. सगळ्या घराचा. शांता म्हणाली, त्याग तुमचा आणि सिरियल आमची का बंद? म्हटलं, कुटुंबप्रमुखाचा त्याग सगळ्यांना लागू होतो. आशाने भांडी जरा जोरात घासली.

२६ फेब्रुवारी
पहिला धडा. देवाने जग पुरात बुडवलं आणि एका भल्या माणसाचं कुटुंब तारवात वाचवलं, ती गोष्ट. मी आवाज वगैरे काढून सांगितली.

सान्वी चौथीत आहे. तिला प्रश्न फार. म्हणाली, सव्वीस जुलैला पण देवानेच पाणी सोडलं होतं का? म्हटलं, नाही, तेव्हा गटारं तुंबली होती. मग म्हणाली, खालच्या जोशीकाकूंचा फ्रिज वाहून गेला, त्या पापी होत्या का? तेवढ्यात जोशीकाकू विरजण मागायला दारात. सगळं ऐकलं. विरजण न घेता गेल्या.

तरी पोरीला गोडी लागतेय, हे महत्त्वाचं.

४ मार्च, रविवार
जेवणाआधी प्रार्थना सुरू केली. मनापासून करतो, त्यामुळे लांबते. आज मिशनरी, सैनिक, आजारी, विधवा एवढे झाले आणि पंतप्रधानांवर आलो, तेवढ्यात अनिश मध्येच आमेन म्हणाला आणि सगळे जेवायला लागले. राजसुद्धा. मी एकटाच डोळे मिटून बसलो. उघडले तेव्हा पापड संपले होते.

शांता म्हणते, आटोपशीर करा. तिचं बरंय. स्वयंपाक करताना ओट्याशी पुटपुटते आणि तेवढ्यावर भागवते. त्याला वजन नाही.

९ मार्च
मोठी प्रगती. सान्वीच्या दहाही आज्ञा पाठ! बाबाजीला फोन करून सहज सांगितलं. ईस्टरला दोघं नातवंडं स्टेजवर येतील, असं चर्चच्या पाळकसाहेबांनाही कळवून टाकलं.

सान्वी म्हणाली, आजोबा, या नुसत्या पाठ करायच्या की पाळायच्या पण? म्हटलं, अर्थात पाळायच्या. म्हणाली, सगळ्यांनी? म्हटलं, सगळ्यांनी.

११ मार्च, रविवार
चर्च झाल्यावर पोरांना रिक्षाने तारोडीला नेलं. प्रभूचे शिष्य मासेमारी करायचे, तर धडा समुद्रावरच द्यावा, अशी कल्पना. माझीच.

धडा द्यायच्या आधी पापलेट दिसले. विकणारी शेवंती म्हणून कोळीण. भाव ऐकून मी म्हटलं, परवा इथेच अर्ध्या भावात नेले की! सान्वी मोठ्याने म्हणाली, आजोबा, परवा आपण इथे नव्हतोच. शेवंती हसून हसून खाली बसली. म्हणाली, पोर खरी हाय, म्हातारा न्हाय. मला पूर्ण भाव लावला आणि सान्वीला एक बांगडा फुकट दिला.

येताना रिक्षात सान्वीने बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, नववी आज्ञा मोडली, खोटं बोलू नये. मी समजावलं की भाव करताना बोलतात ते खोटं नसतं, ती बाजाराची भाषा असते. तिला पटलं असावं. रिक्षाबाहेर बघत होती.

१७ मार्च, शनिवार
आत्मपरीक्षण करून ठरवलं: वर्ल्डकप म्हणजे टीव्ही नव्हे. टीव्ही म्हणजे सिरियल. मॅच म्हणजे देशकार्य. पण घरातल्या स्त्रियांचा बुद्धिभेद नको, म्हणून बाबाजी तापाने फणफणलाय, त्याला भेटून येतो, असं सांगून निघालो आणि मोरव्याला मित्राकडे, बबनकडे मॅच बघितली. समोर बांगलादेश. किरकोळ काम.

१८ मार्च
हरलो. बांगलादेशकडून! काही लिहावंसं वाटत नाही.

शिवाय एक छोटी तांत्रिक अडचण. मी बबनकडे असताना बाबाजीने घरी फोन केला. ठणठणीत आवाजात. सान्वीने उचलला. तिने विचारलं, काका, ताप उतरला का? तो म्हणाला, कसला ताप?

आशाने रिमोट शोधून दिला, शांताने टीव्ही लावला आणि दोघी बसून सिरियल बघत राहिल्या. माझ्या डोळ्यांदेखत. याला म्हणतात मोह.

रात्री सान्वी अंथरुणाशी आली. हळूच विचारलं, आजोबा, तुम्ही नक्की ख्रिश्चन आहात ना? मी म्हटलं, जन्मापासून. म्हणाली, ते नाही विचारत.

अभ्यासू मुलगी. मूळ व्याख्येपर्यंत जाते.

२४ मार्च, शनिवार
श्रीलंकेकडूनही हरलो. वर्ल्डकप आटोपल्यात जमा. आता टीव्ही बघायची इच्छाच उरली नाही. म्हणजे माझा त्याग पूर्ण झाला. देवाच्या योजना अगाध.

२५ मार्च, रविवार
गुडघा दुखतोय. (मन पण.) चर्चला गेलो नाही. आशाने पोरांना नेलं. कोणी सांगितलं नव्हतं. साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन मागच्या बाकावर बसली होती म्हणे. म्हणजे मी हळूहळू सुनेवर जबाबदारी टाकतोय. पुढारी असाच तयार करायचा असतो.

अनिश येऊन सांगत होता की सान्वीने तिथे कोणासाठी तरी डोळे घट्ट मिटून प्रार्थना केली. कोणासाठी विचारलं तर म्हणाला, सीक्रेट आहे. परीक्षा जवळ आलीय, मार्कांसाठी असेल.

१ एप्रिल, झावळ्यांचा रविवार
रंगीत तालीम. अनिश प्रभूची प्रार्थना एका दमात म्हणतो, फक्त शेवटी श्वास संपून आमेनऐवजी खोकला येतो. सान्वी म्हणाली, आज्ञा मी म्हणणार नाही, त्या बाबाजीकाकांच्या नातवाने म्हटल्यात. मी वेगळं काहीतरी बोलेन. काय, ते सांगत नाही. मी जोर केला नाही. सरप्राइज असू दे. शेवटी रक्त माझंच.

६ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे)
दिवसभर उपास. दुपारी शांताच्या डब्यातले चार शेंगदाण्याचे लाडू खाल्ले, पण उभ्याने. सान्वी दारात उभी होती. ओरडली नाही, आज्ञेचा नंबर पण सांगितला नाही. जवळ आली, माझा हात धरला आणि म्हणाली, आजोबा, काळजी करू नका, मी आहे.

डोळ्यांत पाणी आलं. लाडू कोरडा होता, हेही एक कारण.

८ एप्रिल, ईस्टर. संध्याकाळ.
लिहून टाकतो.

चर्च गच्च भरलेलं. मी पुढच्या बाकावर, नवा कोट. शेजारी बाबाजी. मागे शांता, राज आणि आशा. हो, राजसुद्धा आला होता. सान्वीने बोलावलं म्हणून.

अनिशने प्रार्थना म्हटली, खोकला आला, टाळ्या पडल्या. मग सान्वी. पाळकसाहेबांनी माइक खाली केला आणि विचारलं, बाळ, तू काय म्हणणार? ती म्हणाली, मला प्रार्थनेची विनंती करायचीय. पाळकसाहेब खूश. मीही मान उंच केली.

ती म्हणाली, माझ्या आजोबांसाठी प्रार्थना करा. ते खूप चांगले आहेत. आम्हाला सगळं त्यांनीच शिकवलं. फक्त त्यांचा अजून येशूवर विश्वास बसलेला नाही. तो बसावा. मी एकटी करतेय, पण पुरत नाहीये.



कोणी हसलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण पोरगी रडवेली झाली होती, त्यामुळे कोणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, डोळे मिटूया. सगळ्या मंडळीने मिटले. पंच म्हणून इतकी वर्षं मी या मंडळीत आहे, माझ्या नावाने एवढी मनापासून प्रार्थना कधी झाली नव्हती. पाळकसाहेब म्हणत होते, आमचा भाऊ जयकुमार, याला प्रकाश दिसो. मागून आशाचा आमेन सगळ्यात स्पष्ट.

मीही म्हटलं आमेन. न म्हणून सांगतो कोणाला?

रिक्षात सान्वी माझ्या मांडीवर बसली. माझा चेहरा नीट निरखला. मग कानात विचारलं, काही वाटतंय का?

काय सांगणार? म्हटलं, अजून तरी नाही.

म्हणाली, असू दे. मोठ्या माणसांना वेळ लागतो.