खेकड्याचं सोम्तम

सोमवार, ९ जून. नोंथाबुरी

हरले. पात्रतेची शेवटची फेरी, तिसरा सेट ७-५. शेवटच्या दोन्ही सर्व्हिस जाळीत!

आता इथंच थांबायचं. मुख्य फेरीतलं कोणी आजारी पडलं, कोणाचा पाय मुरगळला, तर हरलेल्यांत वरच्या क्रमांकाची म्हणून मी आत. 'लकी लूजर' म्हणतात त्याला. सकाळी यादीवर सही करायची आणि दुसऱ्याच्या दुखण्याची वाट बघायची. कोर्टामागच्या देव्हाऱ्यात लाल सरबताची बाटली ठेवली, आत नळी घालून. भूमीदेवतेला गोड आवडतं. म्हटलं, कोणाला तरी ताप येऊ दे. थोडासाच.

मग क्राताय आली. "रडून झालं असेल तर जेवायला चल."

बाराव्या वर्षापासून आम्ही एका खोलीत, एकाच कोचच्या हाताखाली. ती थेट मुख्य फेरीत आहे. मागच्या वर्षी इथं उपांत्य फेरी गाठली होती, ते गुण पुढच्या सोमवारी उडतात. पुन्हा मिळवले नाहीत तर क्रमवारीत गडगडणार, आणि बापाने सांगून ठेवलंय — मग गावी, सुरिनला परत यायचं, मावशीच्या सलूनमध्ये बसायचं.

जागा मी निवडली, पुलाखालची गाडी. कच्च्या पपईची झणझणीत कोशिंबीर, सोम्तम, दोघींनाही. तिचं खारवलेला खेकडा घातलेलं, माझं नुसत्या शेंगदाण्याचं. तिची ताटली आली तेव्हा वास आला. खेकड्याचा नेहमीचा नाही, वेगळाच. सांगणारच होते — तेवढ्यात शेजारचा म्हातारा विजेच्या रॅकेटने डास मारायला लागला. काय बॅकहँड! मनगट घट्ट, खांदा पुरता वळलेला. बघत बसले.

वळले तोवर तिची ताटली रिकामी.

मंगळवार, १० जून

क्राताय पहाटेपासून ओकतेय. इस्पितळात सलाईन लावलं. थोड्याच वेळात माझं नाव पुकारलं — तिच्या जागी. रॅकेटी घेऊन पळाले. पळताना आनंद झाला. झाला, काय करू!

६-३, ६-४ जिंकले.

आमचे कोच, पी वित, विचारत होते काय खाल्लंत. म्हटलं, दोघींनी एकच. "मग तुझं पोट लोखंडाचं दिसतंय," म्हणाले. सगळे हसले. मीही.

बुधवार, ११ जून

तिच्यासाठी पेज घेऊन गेले. चेहरा कागदासारखा, पण जीभ शाबूत. "माझी जागा घेतलीयस, आता नीट खेळ. उद्या हरलीस तर ही सुई काढून तिथं येईन आणि तुलाच टोचेन."

आज सांगायचंच असं ठरवून गेले होते. पण तिला टीव्हीचा रिमोट सापडेना. पलंगाखाली वाकून शोधत बसले. मग भेटीची वेळ संपली.

गुरुवार, १२ जून

तिसरं मानांकन असलेल्या पोरीला हरवलं! आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय. जेवण गेलं नाही.

देव्हाऱ्यातली बाटली परत आणायला गेले. तळाशी नुसत्या मुंग्या. देवतेने पिऊन टाकली म्हणायची.

वास खरंच आला होता का? की आता मनात येतंय? आला होता. आणि म्हातारा खेळत होता ते खरं, पण डोळ्याच्या कोपऱ्यातून तिचा हात ताटलीकडे जाताना दिसत होता. प्रत्येक वेळी दिसत होता.

शुक्रवार, १३ जून

हरले. सुटल्यासारखं वाटलं.

सोमवार, १६ जून

नवी क्रमवारी आली. मी वर. क्राताय दीडशे जागा खाली.

पी वित पळत आले. हुआ हिनच्या मोठ्या स्पर्धेचं वाइल्ड कार्ड मला! तिथं आमच्यापैकी कोणाला एरवी दारातही उभं करत नाहीत. मी नाही म्हटलं तर कोणाला, विचारलं. "क्रातायला. पण पोरी, याला नाही कोण म्हणतं?"

तिने बॅग भरलीय. बुधवारची सुरिनची बस. रॅकेटी चुलत बहिणीला देणार म्हणे. मी तिच्या ग्रिपा सोलून नव्या गुंडाळून दिल्या. कशाला, ते मला विचारू नका.

मंगळवार, १७ जून

पी वितना सांगितलं, हुआ हिनला नाही येत. पोट बिघडलंय.

"आत्ता? आठवड्याने?"

हो म्हटलं. लोखंडाला गंज चढायला वेळ लागतो. या वेळी ते हसले नाहीत.

बुधवार, १८ जून

क्रातायचा फोन. बस सोडून दिलीय. "तुझं पोट बिघडलं म्हणे."

हो म्हटलं.

मग म्हणाली, "तुझं शेंगदाण्याचं होतं. तू त्या म्हाताऱ्याकडे बघत होतीस आणि मी तुझ्याकडे."

फोन दुसऱ्या कानाला धरला. तिचं संपलं नव्हतं.

"हुआ हिनला ये माझ्याबरोबर. जेवायची जागा मी निवडणार. आणि खेकड्याचं तू खायचं."