पालखी उठेपर्यंत

१३ एप्रिल, रविवार

बिरू शुद्धीवर आला. पाय हलत नाहीत.

एवढंच लिहून उठले होते. चहा करून पुन्हा बसले. मला काहीच वाटत नाही. तव्याला हात लागला हे कळतं, चटका कळत नाही – तसं झालंय.

कालची शर्यत एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यात फिरायची थांबेल. महादेवाच्या यात्रेत आमच्या घरचे दोन घोडे पळाले. एक ह्यांचा पांढरा बादल, त्याच्यावर पप्पू – बाहेरून बोलावलेला स्वार. दुसरी तांबडी घोडी, तिच्यावर बिरू, माझा धाकटा भाऊ. इथे रीत अशी की एका हातानं एकच लगाम. पंचांसमोर ज्यानं स्वाराच्या हातात लगाम दिला, तो त्या घोड्याचा मालक. घोडा जिंकला की आठव्या दिवशी पालखीपुढे त्याचा घोडा चालतो आणि डोक्याला फेटा त्याच्या. दोन घोडे उतरवायचे म्हणून ह्यांनी तांबडीचा लगाम माझ्या हातानं देवविला. "तू नुसती उभी राहा," म्हणाले. राहिले. नवी साडी नेसून!

भोंग्यावर नाव पुकारलं – मालकीण शालूबाई बिभीषण! हसूच आलं. घरात दोन घोडे, एक बाई. खुराक त्यांना, राबणं मला, आणि मालकीणही मीच!

बिरूनं लगाम घेतला, माझ्या पाया पडला. मग नुसती धूळ. मी सुटायच्या रेषेवरच होते, मला काही दिसलं नाही. बाभळीच्या वळणावर पडला म्हणे. तांबडी मोकळीच आली. बादल पहिला.

ह्यांना लोकांनी खांद्यावर घेतलं होतं. मी गर्दीत बिरूला शोधत होते.

१४ एप्रिल

जालन्याला, दवाखान्यात. आज सुट्टी, मोठे डॉक्टर उद्या. आई कालपासून खाटेशेजारी खाली बसून आहे. खुर्ची दिली तर म्हणाली, खुर्चीवर मला बसल्यासारखं वाटत न्हाई.

बिरूनं दोनदा विचारलं, तांबडीला लागलं का. न्हाई म्हटलं. मी बघितलंच नव्हतं.

१५ एप्रिल

मणका. डॉक्टर म्हणाले, उमेद सोडू नका. बोलताना एक्स-रेच्या फोटोकडे बघत होते, आमच्याकडे नाही.

आई बाहेर गेली तेव्हा बिरूला विचारलं, कसा पडलास. भिंतीकडे बघत म्हणाला, "माझाच तोल गेला, अक्का. कोणाचं काही न्हाई."

मी कोणाचं नावच घेतलं नव्हतं.

दोन वर्षं तांबडीला त्यानंच तयार केलं. खोगीर न घालता नाल्याच्या दगडांतून पळवायचा. तेव्हा तोल गेला नाही कधी.

१६ एप्रिल

गावी आले. चार दिवस तांबडीला कोणी धुतलेलं नव्हतं. बादलला मात्र तेल लावलेलं, चमकत होता.

पाणी घातलं तर डोकं झटकायला लागली. डाव्या डोळ्याखालून नाकापर्यंत वळ उठलाय. बोटाएवढा जाड. डोळा सुजून अर्धा मिटलाय. चाबकाचाच आहे, यात काही बघायचं राहिलेलं नाही.

बिरू चाबूक घेत नाही. आणि घेतला तरी वर बसलेला माणूस स्वतःच्या घोडीच्या तोंडावर कसा मारील?

हळद लावली. स्वयंपाक केला, जेवलेही. माझं मलाच नवल वाटतं.

१७ एप्रिल

रामकिसन आबा आले होते. शर्यतीच्या पंचांत सगळ्यात जुने ते. बिरूची चौकशी केली, पाणी प्यायले, आणि उठायचं नाव काढीनात. हे शेताकडे गेले होते.

मीच विचारलं, वळणावर काय झालं, कोणी बघितलं का. म्हणाले, वळणावर शे-दोनशे माणूस होतं. मी म्हटलं, मग एकानंही हरकत कशी घेतली नाही?

तेव्हा त्यांनी रीत सांगितली. पूर्वी पैज हरलेला कोणीही उठायचा आणि हरकत म्हणून ओरडायचा. डोकी फुटायची. म्हणून मागच्या पंचांनी ठरवून टाकलं – हरकत घ्यायची ती पळालेल्या घोड्याच्या स्वारानं, नाही तर त्याचा लगाम देणाऱ्यानं. स्वारानं पारावर स्वतःच्या पायानं येऊन. पालखी उठायच्या आत. एकदा उठली की विषय संपला. पंचांनी डोळ्यानं बघितलं असलं तरी त्यांना आपणहून तोंड उघडता येत नाही.

"स्वार तर काही येत न्हाई आता," म्हणाले. मग चपला घालता घालता, माझ्याकडे न बघता – "लगाम कोणी दिल्ता, बाई?"

त्यांना काय माहीत नाही! त्यांच्यासमोरच तर दिला.

१८ एप्रिल

ह्यांना गोठ्यात नेऊन वळ दाखवला.

वाटलं होतं ओरडतील. ओरडले नाहीत. बादलच्या मानेवर हात फिरवत उभे राहिले. बिरूला आधीच बजावलं होतं म्हणे, वळणावर तांबडीला ओढून धर. तिला नुसती सोबतीला पळवायची होती, दुसऱ्यांची वाट अडवायला. त्यानं ऐकलं नाही, पुढे काढली. तांबडी जिंकली असती तर फेटा कोणाच्या डोक्याला? माझ्या! आणि पालखीपुढे घोडी धरून कोण? माझा भाऊ! ह्यांच्या आज्याला जमलं नाही, बापाला जमलं नाही, ते बायकोच्या आणि मेहुण्याच्या पदरात.

"मी पप्पूला एवढंच म्हणलो होतो, कसंबी करून हिला म्होरं जाऊ देऊ नको," म्हणाले. "पडावं असं कोणाच्या मनात होतं का?"

खोटं बोलत नव्हते. बारा वर्षांचा संसार आहे, मला कळतं. बिरूचा दवाखाना तेच करतायत, रोज दोनदा फोन करतात. वाईट माणूस असता तर सोपं गेलं असतं.

एवढंच, म्हणे.

१९ एप्रिल

भाकरी करपली.

दुपारी बिरूला फोन केला. वळ बघितला म्हणून सांगितलं. घाईघाईनं बोलायला लागला – दाजींना काही म्हणू नको, मी पंचांना तोल गेला असंच कळवलंय, झालं ते झालं. "तुला त्याच घरात नांदायचंय, अक्का. माझं काय, मी आईजवळ पडून राहीन."

तो वळणावर पुढे होता तेव्हा कसं वाटलं, हे विचारायचं होतं. विचारलं नाही.

२० एप्रिल, सकाळ

ह्यांनी गुलाबी फेटा आरशात दोनदा बांधून बघितला. कसा दिसतो, म्हणाले. चांगला दिसतो म्हटलं. दिसतच होता. बादलच्या गळ्यात घुंगरू, कपाळाला गोंडा. तांबडी तोंड फिरवून उभी आहे.

पालखी चारला उठते. सगळ्या बाया ओवाळायला जाणार. मी पण तयार झाले. तीच साडी काढली, शर्यतीची.

भीती वाटायला पाहिजे. वाटत नाही. फक्त हात गार पडलेत.

२१ एप्रिल, तीर्थपुरी – आईच्या घरी

पारावर जाऊन हरकत घेतली. आरतीचं ताट हातातच होतं. आबांनी विचारलं, कोणत्या घोड्यावर? म्हटलं, माझ्या घरच्या. भोंगा बंद पडला. पप्पूला बोलावलं, तो ह्यांच्याकडे बघत राहिला. हे खाली बघत होते. बादल बाद झाला, मान दुसऱ्या आलेल्या मंठ्याच्या घोड्याला गेला.

ह्यांनी फेटा स्वतःच सोडला. घरी येऊ नको, एवढंच बोलले. मी तांबडीला सोडवायला गेले तर हे दावं धरून उभे राहिले. तेव्हा मागोमाग आलेले आबा मध्ये पडले – लगाम देणाऱ्याची घोडी, बिभीषण. तुम्हीच देवविला.

तिला घेऊन पायी आले. पाठीवर बसले नाही.

बिरूला फोन केला. चिडला. पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. माझे पाय गेले ते गेले, तू घर कशाला घालवलंस, कोणी सांगितलं होतं तुला?

म्हटलं, तुझ्या हातात लगाम मी दिला होता, बिरू.

आठ दिवसांचं रडू एकदम आलं.