कंट्रोल बोर्ड आणि माझा शांत स्वभाव

३ मार्च, राजकोट.
मायक्रोवेव्हचं स्टार्टचं बटण मेलं. बायको, म्हणजे मृदुला, म्हणाली, मेकॅनिक बोलवा. मी म्हटलं, बत्तीस वर्षं पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळलंय, मला बोर्ड शिकवतेस? त्यावर ती म्हणाली, तुम्ही पंप मोजायचात, उघडायचा नाहीत. राग आला नाही. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलाय, आजपासून बंद. ओव्हनला एकच थप्पड दिली. दिवा लागला. निदान पक्कं: कंट्रोल बोर्ड.

४ मार्च, सकाळी १०.
दिवा गेला. बुक्की. मूठ सुजली. मागचा स्क्रू हटून बसला, म्हणून हातोडी. निघाला, पत्र्याच्या तुकड्यासकट. प्रगती उत्तम.

५ मार्च.
मृदुलाने परस्पर तिच्या भावाला बोलावलं. निरंजनचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, एवढ्यावर त्याला वाटतं वीज त्यानेच शोधली. म्हणाला, जिजाजी, हात लावू नका. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये करंट साठून राहतो, माणूस मरतो. मी म्हटलं, तुझ्या दुकानात मरत असतील. तो हसला. नंतर काय झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण उद्या उलटसुलट सांगतील. मी त्याला मारलं नाही. माझी मूठ हवेत होती, तिच्यावर तो तोंड घेऊन आला. पुढचा दात पडला. त्याने माझी मान धरून डोकं फ्रीजवर आपटलं. तीनदा. याला मात्र हिंसा म्हणतात. मृदुलाने पाण्याची बादली दोघांवर ओतली. डोक्याला चार टाके. पण मन शांत.

६ मार्च.
निरंजन खोटा ठरायलाच हवा. प्लग काढून दिवस उलटला, कसला करंट? उद्या बोर्ड बाहेर.

७ मार्च, दुपारी. डाव्या हाताने लिहितोय.
स्क्रूड्रायव्हर आत घातला. फटाका फुटला. मी मागे उडालो आणि मागे मृदुला ताकाचा जग घेऊन उभी होती, ती नको तिथेच उभी असते. दोघं खाली, मी वर. तिचं मनगट मोडलं. माझा तळवा भाजला. उठून तिने एका हाताने सांडलेलं ताक पुसायला घेतलं. ते जास्त लागलं. मी तिला समजावलं की चूक कंपनीची आहे.

८ मार्च.
निरंजन रिक्षा घेऊन आला. प्लास्टरमधली बहीण आणि ओव्हन, दोन्ही घेऊन गेला. माझ्याकडे बघितलंही नाही. घाबरला असावा.

११ मार्च.
मृदुलाचा फोन. बोर्ड पहिल्यापासून ठणठणीत होता, दाराचा छोटा स्विच गेला होता. निरंजनने दहा मिनिटांत बदलला. आज त्यात डाळ-तांदळाचा हांडवो भाजला, छान झाला.
मी उदार मनाने म्हटलं, बरं, ओव्हन घरी कधी आणतेस?
म्हणाली, तो इथेच राहू दे.
आणि तू?
म्हणाली, मीसुद्धा.
रागावलो नाही. फोन भिंतीवर आपटला, पण हळू. आता लागत नाहीये. उघडून बघतो.