वयोमानानुसार बदल

मंगळवार, १२ ऑक्टोबर २००४

तीन महिने वही उघडली नाही, क्षमस्व.

धायरीचे एक शिक्षक आज पक्षाघात होऊन एमआरआयला आले. बायकोने पिशवीतून दोन वर्षांपूर्वीची फिल्म काढली. बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराचे पांढरे ठिपके मेंदूत तेव्हाही होते. रिपोर्ट माझाच: ‘वयोमानानुसार बदल’. असे ठिपके दिसले की हात सवयीने तेच लिहितो.

“अहो डॉक्टर, तेव्हा यांची पन्नाशीही झाली नव्हती! वयाचंच आहे म्हणून यांनी रक्तदाबाच्या गोळ्या सोडल्या.”

मी वय पाहिलं तरी होतं का? फिल्मच्या कोपऱ्यात छापलंय, अठ्ठेचाळीस. आज माझं तेवढंच आहे.

मी वळले. नुसती नवी फिल्म लावली.

उद्या: वॉर्डात जाऊन बाईंना सांगणे, चूक माझी होती.