प्रोग्रामचा स्वभाव मला कळतो

सोमवार, १० मार्च. शिंचू.
ल्याव साहेबांनी सकाळीच बोलावलं. म्हणाले, "शुक्रवारी नवा प्रोग्राम चालवतोय. कॅशचा अंदाज बरोबर आला तर चिप डिझाइनमध्ये राहा, नाहीतर तळमजल्यावर माहितीपुस्तिका लिहा." पन्नाशीला आलेल्या माणसाने माहितीपुस्तिका!
कॅश म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेली छोटी जागा. मागितलेली वस्तू तिथे सापडली तर काम झटपट, नाहीतर लांबच्या मेमरीत हेलपाटा. जागा भरली की बराच वेळ न लागलेली वस्तू बाहेर. शंभरात किती वेळा सापडेल, एवढंच सांगायचं. पोरं त्यासाठी सिम्युलेटर लावून बसतात. मी स्वभाव ओळखतो.

मंगळवार, ११ मार्च.
प्रोग्राम थोड्या डेटावर चालवून पाहिला. सगळा कशाला? शांत, एकमार्गी जीव. ओळीने मागतो, संपलं की पुन्हा पहिल्यापासून. जपमाळच. अंदाज : ९७.
शेजारच्या टेबलावरची पै-युन म्हणाली, "दादा, पूर्ण डेटा घाला. माळ कॅशहून जराशी मोठी निघाली, तर जागा करायला जो मणी काढाल तोच पुढे लागेल." हुशार आहे, पण श्रद्धा कमी.

बुधवार, १२ मार्च.
घरी प्रयोग. गॅसजवळ फक्त नेहमी लागणाऱ्या वस्तू. बराच वेळ हात न लागलेली वस्तू बाल्कनीत. मासा कढईत असताना ही ओरडली, "अहो, सोया सॉस कुठंय?" म्हटलं, मघापासून तू घेतलंच नव्हतंस. तर म्हणते, "मघापासून तुम्हीही काही कामाचं केलं नाहीत. जा बाल्कनीत!"
तिथेच जेवलो. प्रयोग यशस्वी. हिचा स्वभाव अनियमित.

गुरुवार, १३ मार्च.
कंपनीमागच्या भूमिदेवाला संत्री वाहिली. "९७ ना?" विचारून लाकडी चंद्रकोरी टाकल्या. एक उताणी, एक पालथी पडली की होकार. दोन्ही उताण्या! पुन्हा टाकल्या, पुन्हा तेच. झाडणारी आजी म्हणाली, "देव हसतोय रे बाबा. हा होकार नव्हे."
हसला, म्हणजे खूश आहे. आजीला कॅशमधलं काय कळणार!

शुक्रवार, १४ मार्च. दुपार.
पूर्ण डेटा. शंभरात शून्य. पै-युनने शून्यच सांगितलं होतं.
मी म्हणालो, "साहेब, स्वभाव तोच आहे, परक्यांपुढे बुजला."
साहेब म्हणाले, "मग त्याला धीर द्यायला तुम्हीही त्याच्याबरोबर खाली जा."

सोमवार, १७ मार्च. तळमजला.
इथे शांतता आहे. चिंतनाला उत्तम. पहिलं काम : पै-युनच्या अंदाज काढायच्या पद्धतीची माहितीपुस्तिका. वाक्य सुचलं : 'ही पद्धत अगदी सोपी आहे.' तपासायला वर पाठवलं.
तिने काही खोडलं नाही. बाजूला फक्त लिहिलं, "दादा, आधी समजून घ्या. मी चार वाजता येते शिकवायला."