दादा, तुझ्या नावाने मीच उत्तरं देतेय

प्रिय दादा,

काल तुझा दहावा झाला. सगळे रडले, मी नाही. आत काही हलतच नाही बघ. पण एक गोष्ट तुलाच सांगायला हवी, म्हणून लिहायला बसले. तू गेल्यापासून मी तुझ्या नावाने मेल पाठवतेय.

रागावू नकोस, आधी ऐक. तापाने फणफणलेला असतानाही तू मला पासवर्ड दिलास आणि म्हणालास, "तेवढी मेल बघ गं." मी म्हणाले, "झोप आधी!" ते आपलं शेवटचं बोलणं. तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी, नानांच्या गोळ्या आणायच्या निमित्ताने मी आळेफाट्याच्या सायबर कॅफेत गेले आणि ती मेल उघडली. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी तू केलेल्या टूलच्या नव्या आवृत्तीने कुणा परदेशी माणसाचं काम अडलं होतं. चूक दोन ओळींची होती. दुरुस्त केली, उत्तर पाठवलं. खाली तुझं नाव आपोआप आलं. मी ते खोडलं नाही.

तासाभरात त्याने लिहिलं, "तुम्ही आहात म्हणून आमचं चाललंय." दादा, त्याच्यासाठी तू अजून होतास! मग मी आणखी सात जणांना उत्तरं दिली.

आठवतं, हे टूल का लिहिलंस ते? पुण्यातल्या पहिल्या नोकरीत एक ओळ बदलली तरी अख्खा प्रोग्रॅम पहिल्यापासून बांधायला सकाळ जायची. तू वैतागून, जेवढं बदललं तेवढंच नव्याने बांधणारं टूल केलंस. आईने विचारलं, "म्हंजी नक्की करतो काय रं तू?"

"आई, आमटीला मीठ कमी पडलं तर भाकरी परत थापती का?"

"येडी हाय का मी?"

"ते कंप्युटरला कळत नाय. त्येला शिकवतो."

आणि ते जगाला फुकट वाटून टाकलंस! नाना म्हणाले, "लई शहाणा!" तू नुसता हसलास. मलाही ह्याच कामात ओढलंस. पण शनिवारी घरी यायचास आणि पिशवी टेकवून थेट सायबर कॅफेत. ज्यांनी तुझा चेहरा पाहिला नाही, त्यांना तुझा सगळा वेळ. आम्हाला काय उरलं रे?

आपल्याकडे कुणाला मयतीचं कळवायचं राहिलं तर जन्मभर बोल लागतो. मढच्या आत्याला फोन गेला. तळेघरच्या तुझ्या मित्राकडे फोन नाही, तर नानांनी माणूस धाडला. शेवटची एसटी चुकली, तो चालत गेला. काल आईने विचारलं, "कुनी ऱ्हायलं नाय ना गं?"

"नाही."

"आन् दादाची ती कंप्युटरची मान्सं?"

"कळवलं."

आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "रडली आसतील बिचारी."

मी तिथून उठले. मला माझी लाज वाटली.

दादा, उद्या सकाळी त्यांना खरं कळवते. आठही जणांची माफी मागते. तुझं टूल मी वाऱ्यावर सोडणार नाही, हे वचन. फक्त यापुढे उत्तराखाली माझं नाव असेल. ती मेल गेली की तू तिथेही उरणार नाहीस, हे मला कळतंय. तरी पाठवते.

तुझी धाकटी,
कल्पना